देव्हाऱ्यातलं ठिपक्यांचं नाणं

प्रश्न : आमच्या देव्हाऱ्यात खंडोबा, म्हाळसा आणि भवानी यांच्या टाकांबरोबर एक चांदीचं नाणं पूजेला असतं. सासूबाई त्याला ‘म्हाळसेचा रुपया’ म्हणतात. आकार शर्टाच्या बटणापेक्षा थोडा मोठा, पण चांगलं जाड. एका बाजूला धनुष्यासारखी वाकडी रेघ आणि पुष्कळ ठिपके. दुसऱ्या बाजूला आडव्या रेघा, त्यांच्या दोन्हीकडे ठिपक्यांची उतरंड. अक्षर एकही नाही. दर दसऱ्याला पंचामृतानं आणि एरवी चिंचेनं घासून आम्ही ते लख्ख ठेवतो. सोनारानं कसोटीवर घासून ‘चांदी उत्तम आहे’ असं सांगितलं. मुलानं मोबाइलवर फोटो टाकला तर कुणी अशोकाचं म्हणालं, कुणी जैन नाणं म्हणालं, एकानं लगेच विकत मागितलं. हे नेमकं कुणाचं नाणं? आणि देव्हाऱ्यात ठेवावं की नाही?
– एक वाचक, वैजापूर तालुका

उत्तर : ताई, पाकिटातून तुमच्या नाण्याचा फोटो काढला आणि आधी तो पाव वळसा फिरवला. तुम्हीही नाणं हातात घेऊन तसंच करा. धनुष्याची दोरी जिकडे असावी ती बाजू उजवीकडे येऊ द्या. आता ते धनुष्य नाही. ती डोक्याच्या मागून मानेपर्यंत उतरलेली रेघ आहे. तिच्या उजवीकडे जी लहान, सरळ, जाडसर रेघ दिसते ते नाक. नाकाखाली दोन ठिपके एकमेकांवर आहेत ते ओठ. वरचा एकटा मोठा ठिपका डोळा. डोक्यावर ठिपक्यांची जी रांग आहे तो मुकुट, आणि गळ्याशी आहे ती मोत्यांची माळ. उजवीकडे तोंड केलेला एक राजा आहे तो. एकदा दिसला की मग दिसेनासा होत नाही. सासूबाईंना दाखवताना बोटानं नाकापासून सुरुवात करा, म्हणजे चटकन कळेल.

आता मागची बाजू. आडव्या रेघांची ती चवड म्हणजे अग्नीची वेदी. मधला उभा भाग तिचा खांब. वर जे ठिपके विखुरल्यासारखे वाटतात त्या ज्वाळा. दोन्हीकडच्या ठिपक्यांच्या उतरंडी म्हणजे वेदीच्या अल्याडपल्याड राखण करत उभी असलेली दोन माणसं. आणि वरच्या कडेला नीट पाहा, एक कोर आहे आणि एक गोल. चंद्र-सूर्य.

या नाण्याला आपल्याकडे गधैया पैसा म्हणतात. गुजरात, राजस्थान, माळवा आणि महाराष्ट्र या सगळ्या पट्ट्यात साधारण सातव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंत ते चाललं. तुमचं नाणं जाड आणि आखूड आहे, चेहरा पार मोडून गेलेला आहे, म्हणून ते या काळाच्या उत्तरार्धातलं, दहाव्या ते बाराव्या शतकातलं मानायला हवं. म्हणजे किमान आठशे वर्षांचं.

इथवर मी एकदम आलो नाही. कसा आलो तेही सांगतो, कारण बाकीच्या वाचकांना त्याचा जास्त उपयोग आहे. नाणं ओळखताना ‘हे काय आहे’ यापेक्षा ‘हे काय नाही’ हे आधी बघावं. अशोकाच्या काळातली चांदीची नाणी म्हणजे आहत नाणी. ती पत्र्यातून कापलेली, चपटी, बहुधा चौकोनी असतात आणि त्यांच्यावर वेगवेगळे ठसे सुटे सुटे मारलेले असतात. तुमच्या नाण्यावर एकाच ठशाचं पूर्ण चित्र आहे, तेव्हा अशोक गेला. सातवाहनांचं म्हणावं, तर त्यांची बरीचशी नाणी शिशाची, तांब्याची किंवा मिश्र धातूची, आणि त्यांच्यावर हत्ती किंवा उज्जैनचं चिन्ह, म्हणजे अधिक चिन्हाच्या टोकांना चार गोल. क्षत्रपांच्या, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांच्या, चांदीच्या नाण्यावर चेहरा असतो खरा, पण भोवती अक्षरं असतात, मागे बहुधा डोंगराचं चिन्ह असतं आणि वजन याच्या जवळपास निम्मंच. यादवांचं पद्मटंक सोन्याचं. सुलतानांचं किंवा मोगलांचं असतं तर फारसी-अरबी मजकुरानं भरलेलं असतं. हे सगळं वगळलं की ठिपके, रेघा आणि चार ग्रॅमच्या आसपासची चांदी एवढ्या खुणांवर गधैयाखेरीज दुसरं फारसं काही उरत नाही.

वजन मी तुमच्याकडून मागवलं आणि तुम्ही ते फार नेटकेपणानं करून पाठवलंत. सोनाराच्या काट्यावर ४.१ ग्रॅम. आमच्या सोनारकामाच्या दुकानातल्या जुन्या वजनात सव्वाचार मासे. मग दुसरी गोष्ट सांगितली होती. काट्यावर पाण्याचा पेला ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरायचं. काटा जो आकडा दाखवतो ते नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. तुमच्याकडे तो आकडा आला ०.४२. आता ४.१ ला ०.४२ नं भागा. उत्तर ९.८ च्या जवळ येतं. शुद्ध चांदीचं उत्तर साडेदहा यायला हवं आणि शुद्ध तांब्याचं नऊच्या किंचित आत. तुमचं नाणं दोन्हींच्या मधोमध बसतं, म्हणजे त्यात अंदाजे निम्मी चांदी आणि उरलेलं तांबं. काटा इतका बारीक नसतो, त्यामुळे अंदाजे म्हणतो, पण उत्तम चांदी नाही हे नक्की.

मग सोनार खोटं बोलला का? अजिबात नाही. त्याच्या कसोटीच्या दगडावर जे उमटलं ते त्यानं सांगितलं. चिंचेतलं आणि दह्यातलं आंबट तांब्याला खातं, चांदीला तितकं लागत नाही. पिढ्यान् पिढ्या दर दसऱ्याला पंचामृत आणि मधून मधून चिंच, यामुळे नाण्याच्या वरच्या पापुद्र्यातलं तांबं निघून गेलं आणि चांदी तेवढी राहिली. कसोटीवर घासला गेला तो हाच पापुद्रा. पोटात काय आहे ते दगडाला कळत नाही, पाण्याला कळतं. आता हात जोडून सांगतो, चिंच बंद करा. प्रत्येक घासणीत त्या राजाचं नाक आणखी थोडं जातंय.

हा राजा कोण, ते आता सांगतो. इराणच्या सासानी घराण्यातला पिरोज, राज्यकाळ ४५९ ते ४८४. त्याचं बरंचसं आयुष्य पूर्वेकडच्या हूणांशी, म्हणजे हेफ्थल लोकांशी लढण्यात गेलं. एकदा तो त्यांच्या हाती सापडला, तेव्हा खंडणी ठरली आणि ती पुरी होईपर्यंत त्याचा मुलगा कवाध ओलीस राहिला. ४८४ मध्ये त्यांच्याशीच लढताना पिरोज मारला गेला. त्याची चांदीची नाणी, म्हणजे द्रख्म, अशा रीतीनं ढिगानं पूर्वेला गेली. तिथल्या लोकांना त्या नाण्याची सवय झाली आणि ते संपल्यावर त्यांनी त्याच्या नकला पाडायला घेतल्या. हूणांबरोबर हा नमुना पश्चिम भारतात आला असं अभ्यासक मानतात. पिरोजचं मूळ नाणं पातळ आणि रुंद, जवळपास तीन सेंटिमीटरचं. त्याच्यावरचा चेहरा स्पष्ट, दाढी कुरळी, मुकुटावर पंख, मागे पारशी धर्मातली अग्निवेदी आणि तिचे दोन राखणदार. तुमच्या नाण्याच्या मागे आहे ती हीच वेदी.

मग इतकं सुंदर चित्र ठिपक्यांवर कसं आलं? हे मला कुठल्या पुस्तकात वाचण्याआधी आमच्या दुकानात समजलं होतं. माझे वडील सिन्नरला सोनारकाम करायचे. टाक घडवण्यात त्यांचा हात चांगला होता. लोक घरचा झिजलेला टाक घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘अस्साच करून द्या, काही बदलू नका.’ देव बदलला असं घरात कुणाला वाटायला नको. वडील समोर जे दिसायचं तेच कोरायचे. एकदा नायगावकडच्या एका घराण्याचा खंडोबाचा टाक आला. त्याच्यावर घोड्याच्या पायांच्या फक्त चार रेघा राहिल्या होत्या आणि कुत्र्याच्या जागी एक फुगवटा. वडिलांनी चार रेघा आणि एक फुगवटा कोरला. मी विचारलं, ‘कुत्रं का नाही काढलं?’ तर म्हणाले, ‘त्यांच्या देव्हाऱ्यात कुत्रं नाही, हाच देव आहे.’

टांकसाळीतही तेच झालं. ठसा कोरणाऱ्यानं पिरोजला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्यासमोर नाणं होतं, आणि तेही आधीच्या नाण्यावरून केलेलं. दर पिढीत ठसा नवा, पण नमुना जुना नाणंच. कारागीर ठिपका ठिपक्यासारखा जपत गेला आणि चेहरा सुटत गेला. पंख गेले, दाढी गेली, नाकाची रेघ राहिली. त्या अग्निवेदीची माहिती नसलेल्या माणसानं ज्वाळा कोरल्या, त्या ठिपके झाल्या.

पण एक गोष्ट त्यांनी सुटू दिली नाही, आणि मला या नाण्यात सगळ्यात जास्त भावतं ते हेच. वजन. मूळ द्रख्म चार ग्रॅमच्या आसपास, आणि पाच-सहाशे वर्षांनी तुमचं नाणंही चार ग्रॅमचं. रुंदी निम्मी झाली म्हणून जाडी वाढवली, चांदी कमी झाली म्हणून तांबं घातलं, पण तागडीत टाकलं की मासे तेवढेच. बाजाराला चेहऱ्याशी घेणं नव्हतं. भडोचचा व्यापारी असो की ठाण्याचा, त्यानं हातात झेलून बघितलं असणार, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला असणार आणि थैलीत टाकलं असणार.

त्या काळच्या लेखांमध्ये चांदीच्या नाण्याला द्रम्म म्हटलेलं आहे. ग्रीकांचा द्रख्मे, इराण्यांचा द्रख्म, आपला द्रम्म आणि त्याचाच पुढे दाम. भाजीचा दाम विचारताना, ‘दामदुप्पट’ म्हणताना, ‘माझ्याकडे एक छदामही नाही’ म्हणताना आपण हाच शब्द बोलतो.

‘गधैया’ या नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी तुम्हाला सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. उज्जैनच्या गर्दभिल्ल राजाची गोष्ट जैन परंपरेत आहे. त्यानं कालकाचार्यांची साध्वी बहीण सरस्वती हिला पळवली, मग कालकाचार्यांनी शकांना आणून त्याचा पाडाव केला. त्या राजाकडे गर्दभी विद्या होती, म्हणून त्याची नाणी गधैया, असं सांगतात. तुमच्या मुलाला कुणी ‘जैन नाणं’ म्हणालं ते बहुधा यावरून. गोष्ट म्हणून छान आहे, पण ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात घडलेली सांगतात आणि ज्याच्यावरून हे नाणं निघालं तो पिरोज पाचव्या शतकातला. दोन्हींची गाठ बसत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, हे कुणाचं? तुमच्या नाण्यावर नाव नाही. गधैया नाण्यांपैकी फार थोड्यांवर नाव येतं. राजस्थानात चौहानांच्या सोमलदेवी राणीचं नाव असलेली नाणी आहेत. आपल्याकडे उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी छित्तराजाची आहेत, त्यांच्यावर नागरीत ‘श्री छित्तराज’ असा मजकूर असतो. छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८, म्हणजे १०२६ चा. अंबरनाथच्या देवळात शके ९८२ चा लेख आहे तो त्याचाच भाऊ मुम्मुणी याच्या काळातला. म्हणजे अंबरनाथचं देऊळ उभं राहत होतं तेव्हा कोकणच्या बाजारात तुमच्या नाण्याची भावंडं फिरत होती. पण नाव नसलेलं नाणं छित्तराजाच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या खात्यावर घालणं बरोबर नाही. कुणी तुम्हाला ठामपणे एका राजाचं नाव सांगून जास्त किमतीला विकत मागेल, तर विश्वास ठेवू नका.

नाव नसताना एकच गोष्ट मदतीला येते. ते कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं. म्हणून तुम्हाला फोनवर म्हटलं होतं की सासूबाईंना विचारा. तुम्ही नंतर जे लिहून पाठवलंत ते वाचून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. सासूबाईंच्या आजेसासऱ्यांना विहीर खणताना मातीचं एक मडकं लागलं. त्यात अशी ओंजळभर नाणी होती. एक देवासाठी ठेवलं आणि बाकीची मोडून सुनेला वाक्या केल्या.

१९७२ च्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. आमच्या दुकानाच्या ओट्यावर सकाळपासून बायका बसलेल्या असायच्या, चांदी मोडायला. तोडे, वाळे, गोठ, जे असेल ते. एका दुपारी एक म्हातारी बाई पदराच्या गाठीत बांधून अशीच मळकट, ठिपक्यांची नाणी घेऊन आली. मी ती काट्यावर मांडली, एकतीस होती. वडिलांनी एक कापून बघितलं, आत तांबूस दिसलं, तसा भाव सांगितला. बाईंनी मान हलवली. वडिलांनी बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, फुलवली, मूस ठेवली, आणि मी स्वतःच्या हातानं एकेक नाणं मुशीत टाकलं. शेवटचं टाकताना मला त्याच्यावर चंद्राची कोर दिसली. मी वडिलांना म्हणालो, ‘याच्यावर चंद्र आहे.’ ते म्हणाले, ‘टाक.’ त्या बाईला बाजरी घ्यायची होती आणि आमच्याही घरी चूल त्याच पैशावर पेटायची. वडिलांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण ती बाई कुठल्या गावची, मडकं कुठे सापडलं, एवढं तरी मी विचारायला हवं होतं. पुढे बँकेत लागलो, नाणी जमवायला लागलो, त्याची सुरुवात ती कोर आहे.

यातून काय जातं ते सांगायला आमच्याच तालुक्यातलं उदाहरण आहे. १९०६ मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा. ती सगळी क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा वरून मारलेला होता. साठा अभ्यासकांपर्यंत पोचला म्हणून गौतमीपुत्रानं नहपानाचं राज्य घेतलं त्याचा पुरावा हातात आला. यातली वीस नाणी कुणा एकाला, पन्नास दुसऱ्याला अशी फुटून मुशीत गेली असती, तर एकट्या नाण्यावरून एवढं कधीच कळलं नसतं.

म्हणून तुमच्या शेजारीपाजारी कुणाला विहिरीत, घराच्या पायात, जुन्या भिंतीत असं मडकं लागलं तर त्यांना सांगा, उघडून वाटू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं दहा रुपयांच्या वरचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लोक भितात की सरकार सगळं घेऊन जाईल आणि हाती काही येणार नाही. त्याच कायद्यात लिहिलंय की सरकारनं ते ठेवून घेतलं तर त्यातल्या धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. लपवलं तर मात्र गुन्हा.

तुमच्याकडचं एक नाणं राहिलंय, त्याची आता काळजी घ्या. देव्हाऱ्यातून काढू नका. सासूबाईंच्या मनात ती म्हाळसा आहे आणि चार पिढ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं म्हणूनच ते मुशीतून वाचलं. शिवाय ज्यांनी ते चित्र पहिल्यांदा कोरलं त्यांनीही पूजेचा अग्नीच कोरला होता. फक्त पंचामृत टाकांना घाला, नाण्याला फूल आणि अक्षता पुरे. हळदकुंकू कोरडं वाहा आणि मऊ सुती कापडानं अलगद टिपून घ्या. एरवी ठेवायचं तर कागदी पाकिटात, प्लास्टिकच्या मऊ पिशवीत नको. त्या पाकिटावर आज जे सासूबाईंनी सांगितलं ते लिहा. विहीर कुठल्या शेतात, गट नंबर, कुणी खणली, अंदाजे कोणतं साल. त्यांच्या शब्दांत लिहा. आणि जमलं तर एक दिवस नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राच्या संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे, तिथे सासूबाईंना घेऊन जा.

प्रश्न : माझ्याकडे राम दरबाराचं चित्र असलेलं, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असं इंग्रजीत लिहिलेलं तांब्याचं नाणं आहे. एका माणसानं फोनवर दीड लाख देतो म्हणून सांगितलं, पण आधी नोंदणीचे चार हजार भरायला सांगतो. भरू का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : भाऊ, एक रुपयाही भरू नका. असं नाणं कंपनीनं कधी पाडलं नाही. कंपनीच्या खऱ्या तांब्याच्या नाण्यांवर तिचं स्वतःचं राजचिन्ह असतं किंवा तराजू आणि फारसी अक्षरं. राम, हनुमान, कमळ, ओम अशी चित्रं कंपनीच्या नावाखाली घातलेली ही पदकं अलीकडची आहेत आणि जत्रांमध्ये, देवळांबाहेर विकली जातात. पुष्कळांवर ‘यूकेएल’ अशी तीन अक्षरं असतात. ती दिसली की समजून चाला. घरात पूजेला ठेवायला काहीच हरकत नाही.

फोनवाल्याची रीत जुनीच आहे. आधी मोठी रक्कम दाखवायची, मग शुल्क मागायचं, मग कर मागायचा. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच जाहीर केलं होतं की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात आम्ही नाही, त्यासाठी शुल्क घ्यायला कुणाला नेमलेलंही नाही. या महिन्यात मला अशा फोनची अकरा पत्रं आली, त्यातल्या दोन घरांनी पैसे भरले होते. त्यातली एक पेन्शनवर जगणारी बाई आहे. तुमच्या ओळखीत कुणाला असा फोन आला तर त्यांना आज संध्याकाळीच सांगा.

प्रश्न : मी अकरावीत आहे. आजोबांनी मला एक तांब्याचं जाड नाणं दिलं. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’ असं वाचता येतं. हे खुद्द शिवाजी महाराजांच्या काळातलं आहे का?
– एक विद्यार्थिनी, कऱ्हाड

उत्तर : बाळ, तुझ्या हातात शिवराई आहे आणि तू ती स्वतः वाचलीस, याचा मला फार आनंद झाला. १६७४ च्या राज्याभिषेकापासून हे नाणं सुरू झालं. पण महाराजांनंतर सातारा, कोल्हापूर, पुढे पेशवाई, आणि पेशवाई गेल्यावरही ते चालत राहिलं, महाराजांच्याच नावानं. खेडोपाडी लोक शिवराईवर इतके विसंबून होते की दुसऱ्याचं नाव घालून चाललं नसतं. त्यामुळे नुसत्या नावावरून काळ ठरत नाही. अक्षरांच्या वळणावरून, ‘शिव’ लिहिलंय की ‘सिव’, ‘पति’ आहे की ‘पती’, ओळींच्या मधली रेघ एकेरी की दुहेरी, भोवतीचं ठिपक्यांचं कडं आणि वजन, यांवरून ठरवतात. दुहेरी रेघेची असेल तर ती दुदांडी शिवराई, उशिराची.

फोटोवर उजेड पडून तुझ्या नाण्याची अर्धी अक्षरं बुजली आहेत. असं कर. पातळ कागद नाण्यावर घट्ट धर आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं घास. दोन्ही बाजूंचा ठसा घे, शेजारी वजन लिही, आणि आजोबांना ते कुणाकडून मिळालं तेही त्यांना विचारून लिही. पाकीट जाड पुठ्ठ्यात घालून पाठव. नाणं मात्र पाठवू नकोस, ते तुझ्याकडेच राहू दे.